काका, पेन्सिल आणि ठिपका

आयुष्यात कधीही रस्ता न चुकलेला एकच माणूस मी पाहिला आहे : दिल्लीच्या द्वारकेतले, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. अर्थात ते दर वेळी ठरल्या ठिकाणी पोहोचत असं नाही. तरुणपणी हवाई दलात ते नॅव्हिगेटर होते; सूर्य, घड्याळ, नकाशा आणि पेन्सिल घेऊन विमानाला वाट दाखवायची. पुढे उपग्रह आले, विमानातली ती खुर्चीच गेली, आणि काकांनी उपग्रहांशी जन्माचं वैर धरलं. द्वारका नवी होती, सेक्टरांना पाट्या नव्हत्या, तेव्हा एका साखरपुड्याला त्यांनी आम्हाला सूर्य बघत नेलं आणि नजफगढच्या नाल्यापाशी उभं केलं. "दिशा बिल्कुल बरोबर आहे," काका म्हणाले, "हॉल चुकीच्या जागी बांधलाय." पुढे टॅक्सीवाले मोबाइलवर नकाशा लावू लागले, तेव्हा मागच्या सीटवरून हुकूम सुटे, "भैया, इसे बंद करो. मैं अभी ज़िंदा हूँ."

अशा माणसाची एकुलती एक लेक वैमानिक झाली, तीही लांब पल्ल्याच्या विमानांवर. "बाबा, आता पेन्सिल कोण वापरतं यार?" ती चिडवायची. "एक दिवस तुझा उपग्रह दगा देईल, तेव्हा बोल," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

तो दिवस आला. लेकीचं विमान मोबाइलवर ठिपक्यासारखं पुढे सरकताना बघत बसणं हा काकूंचा छंद. लढाई चाललेल्या एका मुलखाजवळ तो ठिपका एकाएकी नाहीसा झाला. तिथे उपग्रहांचे सिग्नल मुद्दाम बंद पाडतात, हे लेकीनेच सांगितलेलं. तरी काकूंनी घाबरून मला वर बोलावलं. काका जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, पट्टी लावून बसले होते. चहावर साय धरली होती.

"काका, शेवटी तुमचंच खरं झालं," मी म्हणालो.

"गप्प बस. खरं व्हायला नको होतं."

"विमानात दुसरी यंत्रं असतात ना?"

"मला शिकवतोस?" म्हणत त्यांनी घड्याळ पाहिलं, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि एक फुली मारली. "आत्ता पोर इथे आहे." थोड्या वेळाने आणखी एक फुली. पट्टी सरकवून त्यांनी दोन्ही फुल्या जोडल्या; रेघ अगदी सरळ होती. मला त्या क्षणी ते फार आवडले.

ठिपका परत उगवला, तो नकाशावर काकांच्या फुलीपासून चांगला वीतभर लांब. काकांनी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. "चुकतोय," ते म्हणाले आणि गार चहा पिऊन टाकला.

उपग्रहांवर त्यांचा आजही काडीचा विश्वास नाही. फक्त लेक उडाली की ती खाली उतरेपर्यंत काकूंना स्वतःचा मोबाइल काकांकडून परत मिळत नाही.