माझे केस परत मागायला गेलेल्या आत्या

माझ्या नवऱ्याच्या आत्यांनी पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला माणूस मला अजून भेटायचाय. लालबागच्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या आणि तिथून सगळ्या जगावर नजर ठेवायच्या. मसाला कांडायला दिला की आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत जाऊ नये म्हणून कांडपाच्या डंकासमोर स्टूल टाकून बसायच्या. शिंकून शिंकून बेजार व्हायच्या, पण नजर हलायची नाही. शेजारीण म्हणाली ताप आहे, की आधी तिच्या कपाळाला हात लावून बघायच्या, आणि खरंच ताप निघाला तर पेज करून द्यायच्या. मला सून म्हणून त्यांनी वर्षभर नुसतं 'बघूया' वर ठेवलं होतं. मग एक दिवस काही कारण नसताना स्वतःच्या खोलीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "तुझ्याकडे असूंदे. बाकी कुणाचा भरवसा नाय."

अशा बाईशी मी खोटं बोलले, आणि तेही केसांपायी.

नणंदेचं लग्न होतं. मला केसांना मधासारखा रंग हवा होता, आणि काळ्याभोर केसांवर तो चढायचा तर आधी ब्लीच करावं लागतं. परळच्या एका पार्लरमध्ये गेले. पहिल्या हाताला केस तांबूस झाले. पार्लरवाली म्हणाली, "मॅडम, आज एवढंच. दुसरा हात महिन्याभरानं." मी मोबाइलमधला फोटो तिच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, आजच पाहिजे, लग्न चार दिवसांवर आलंय. तिनं नाही म्हणायला हवं होतं, पण तिनं केलं. घरी येऊन केस धुतले तर ओले केस च्युइंगमसारखे ताणले जायचे आणि तुटून हातात यायचे. वाळले तेव्हा डोक्यावर काथ्या होता. अख्खं लग्न मी गजऱ्याखाली आणि पदराखाली काढलं.

"कोणाचो ह्यो उद्योग?" आत्यांनी विचारलं. मूर्खपणा कबूल करायची लाज वाटली, दुसरं काय. मी म्हटलं, "पार्लरवालीनंच मला न विचारता दोनदा लावलं." त्यांनी एकही उलट प्रश्न केला नाही. दूधवाल्याला रोज चार प्रश्न विचारणारी बाई, माझं पहिलंच वाक्य खरं धरून बसली.

त्यातून दुसऱ्या दिवशी त्यांना भलतीच काळजी लागली. माझे तुटलेले केस पार्लरच्या फणीत, फरशीवर राहिले असतील, ते कुणाच्या हाती लागले तर? आत्यांच्या घरी विंचरताना गळलेला केस कधी असा टाकत नसत. गुंडाळी करून डब्यात ठेवायचा, कारण केसावरून करणी करतात. मी म्हटलं, "आत्या, त्यांनी कधीच झाडून टाकले असतील." त्या म्हणाल्या, "टाकले म्हणतली. टाकले कशावरून?" आणि चपला घालून परळच्या दिशेनं निघाल्यासुद्धा. मी गॅलरीत उभी. ती पार्लरवाली आता खरं काय ते सांगणार, आणि आत्या मलाही दूधवाल्याच्या रांगेत उभं करणार.

दीड तासानं परत आल्या. हातात कागदाची पुडी, तीत कुणाचे तरी काळे, कुरळे केस. माझे ना काळे राहिले होते ना कुरळे कधी होते. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "बस खाली, तेल लावतंय."

तिथून पुढे संशय घ्यायची पाळी माझी. तिनं सांगितलं असेल का? मग ह्या गप्प का? मला जोखतायत का? मालवणहून आलेलं खोबरेल आत्या आधी वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या, थिजलं तरच भेसळ नाही म्हणून माझ्या डोक्याला लागायचं. पार्लरनं दिलेल्या महागड्या क्रीमच्या डब्यावरची बारीक अक्षरं मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि तिसऱ्या रसायनाच्या नावाला म्हणायच्या, "पुरे, ठेव ता." केसांच्या डॉक्टरकडे नेलं तर त्याचं टक्कल बघून दारातच थबकल्या. "ह्याका स्वतःचे राखूक जमले नाय." बिचाऱ्यानं नीट सांगितलं होतं, जळलेला केस दुरुस्त होत नाही, कापा आणि नवे येऊ द्या. हे पटायला आत्यांना तीन महिने लागले. तोवर मुळाशी दोन बोटं काळे केस आले होते. ते त्यांनी उजेडात धरून, ओढून पाहिले आणि मग कबूल केलं की डॉक्टर अगदीच खोटारडा नाही.

कापायला अर्थातच कुठलंच पार्लर चालेना. शिलाईची कात्री घेऊन त्या स्वतः बसल्या. मागे त्या, पुढे मी, तोंड दिसत नव्हतं, म्हणून जमलं असेल. म्हटलं, "आत्या, तिनं नको म्हटलं होतं. मीच हट्ट केला."

कात्री थांबली नाही. "माका म्हायत हा. त्याच दिवशी तिनं सांगितलान."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तिका बोललंय. म्हटलं, पोरगी सांगता म्हणून तू डोक्याक आग लावशील? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुका काय बोलू? तू सांगशील म्हणून थांबलंय."

तीन महिने थांबल्या होत्या. मी रडले, तर म्हणाल्या हलू नको, वाकडे होतील. झाले ते वाकडेच.

आता गुडघे जिने चढू देत नाहीत म्हणून त्या गावी असतात. दर रविवारी फोन. तिथल्या दुकानदाराचा काटा, नव्या डॉक्टरच्या गोळ्या, सगळ्यांची उलटतपासणी मला ऐकवून झाली की विचारतात, केस कुठवर आले? मी म्हणते मानेपर्यंत. परवा म्हटलं, व्हिडिओ कॉल लावते, डोळ्यांनी बघा.

"कशाक?" म्हणाल्या. "तू सांगतंस मां."