ताईची बोटं

ताईबद्दल तिच्या धाकट्या भावाला खरं तर फारच थोडं ठाऊक होतं. ती एका मोठ्या कचेरीत एकतीस वर्षं 'मशीनवर' होती, एवढंच तो लोकांना सांगायचा. ती खोली त्याने कधी पाहिली नाही. दोन-तीनदा तिला आणायला गेला, तेव्हाही फाटकाशीच घुटमळला. आत सगळ्या बायका, आपण कशाला जा, असा त्याचा संकोच.

तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. सुरुवातीला जाड कागदाची कार्डं होती. एकीने त्यांत भोकं पाडून आकडे भरायचे, मग दुसरीने तेच आकडे पुन्हा भरून पडताळायचे. ताई पडताळणीवर. "दुसऱ्याच्या चुका काढायच्या, एवढंच माझं काम," ती म्हणायची. "लग्नाआधीच चांगला सराव झाला." पुढे कार्डं रद्दीत गेली आणि पडद्याची मशीनं आली. मग फ्लॉपी, मग टेबलावरचे कॉम्प्युटर, आणि शेवटी कागद स्वतःच वाचणारं यंत्र. दर खेपेला ताई नव्याने शिकली आणि दर खेपेला खोलीतल्या खुर्च्या कमी झाल्या. वाचणारं यंत्र आलं तेव्हा ती आणि आणखी एक बाई, एवढ्याच उरल्या होत्या. दोघींचा निरोप समारंभ एकाच हारतुऱ्यात उरकला.

नवरा आधीच गेला होता. एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. त्यानेच तिला फोन घेऊन दिला, सगळं लावून दिलं. उघडायचा नंबर मात्र तिने स्वतः घातला. त्यावर तो बोललेले निरोप पाठवायचा. "आई, आज नवा बूट चावला." "आई, आमचे साहेब मीटिंगमध्ये घोरतात." दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाने तो गेला. तेव्हापासून ताई रोज सकाळी चहा गार होईपर्यंत ते निरोप ऐकत बसायची. भाऊ आला की आवाज बारीक करायची.

फोन एरवी अंगठा टेकवला की उघडायचा. एकदा बॅटरी पार उतरली, आणि पुन्हा सुरू झाल्यावर तो नंबरच मागू लागला.

"आठवतो ना?" भावाने विचारलं.

"न आठवायला काय झालं? माझा कचेरीतला नंबर. एक-आठ-तीन-सात. दे इकडे."

तिचे हात अलीकडे कापायचे. "तू नुसता सांग, मी दाबतो," तो म्हणाला. "तुझ्या हातून भलतंच काही दाबलं जाईल."

"आमच्या खात्यात असतास तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता तुला," ताई म्हणाली. पण फोन तिने त्याच्याकडेच राहू दिला.

नंबर चुकीचा निघाला. त्याने पुन्हा दाबला. मग मुलाच्या जन्माचं साल, तिच्या लग्नाचं साल. मधूनमधून फोन थांबायला लावायचा, तेवढा वेळ दोघं घड्याळाकडे बघत बसायची. दहाव्यांदा चुकलं तेव्हा पडदा काळा झाला, मग पांढरा झाला, आणि कोऱ्या फोनसारखं त्याने विचारलं, भाषा कोणती हवी.

"दहा चुका झाल्या की सगळं पुसायचं, असं कोणीतरी सुरक्षेसाठी लावून ठेवलेलं दिसतंय," दुकानातला मोबाइलवाला म्हणाला. "आजी, दुसरीकडे कुठे प्रत आहे का?"

"नाही," ताई म्हणाली. जिचा जन्म प्रत्येक आकडा दोनदा भरण्यात गेला, तिच्याकडे हे एकदाच होतं.

महिन्याभराने भाऊ औषधांच्या दुकानात उभा होता. दुकानातल्या बाई त्याच्याशी बोलता बोलता, खाली न बघता, उजव्या हाताने कॉम्प्युटरवर आकडे भरत होत्या. त्याची नजर सहज त्या बटणांवर गेली. वरच्या ओळीत सात-आठ-नऊ, खालच्या ओळीत एक-दोन-तीन. त्याने खिशातला फोन काढून पाहिला. तिथे एक-दोन-तीन वर होते.

तो दुकानासमोरच्या बाकावर बसला. ताईने नंबर घालताना फोनकडे पाहिलंच नसणार. कचेरीतल्या मशीनच्या इतक्या वर्षांच्या सवयीने बोटं आपापल्या जागी पडली असणार, एकच्या जागी सात, आठच्या जागी दोन. फोन तिच्या हातात दिला असता, तर बोटांनी तो उघडलाही असता. तिला एकदा जरी काम करताना पाहिलं असतं, तर त्याला हे सुचलं असतं. आता बैल गेला आणि झोपा केला.

हे तिला सांगायचंच, असं ठरवून तो तिच्याकडे गेला. ताई खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून. आठ दिवसांनी ती झोपेतच गेली. खिडकीशी त्या भेटीत दोघांत बोलणं झालं ते एवढंच.

"काय रे, उभा का?"

"काही नाही. सहज आलो."

"मोरीतला नळ गळतोय. प्लंबरला सांगितलंस?"

"राहिलं. उद्या सांगतो."

"मागच्या वेळचा नको हं. तो दर वेळी पाना घरी विसरून येतो."

"बरं," तो म्हणाला.