गोल होता, हे सांगायला

उजव्या हाताचं बोट वर करायचं, डोळे घट्ट मिटायचे आणि म्हणायचं, "पास सुटला तवा तो कोठी होता, ते सांग. पोचला तवाचं मले नोको सांगू."

जवाहरनगरच्या मैदानाकडेला सत्तरच्या दशकात तुम्ही एखादी संध्याकाळ काढली असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असणार. ते म्हणणारे गृहस्थ दिवसा कारखान्यात फिटर होते. सुट्टी झाली की गळ्यात शिट्टी अडकवून फुटबॉलचे पंच म्हणून मैदानावर हजर. मूळचे दिघोरीचे, धान पिकवणाऱ्या घरातले. आम्ही त्यांना पंचभाऊ म्हणायचो. मी त्यांच्याच विभागात कारकून, आणि सामन्याला त्यांचा कायमचा लाइन्समन.

ऑफसाइड कुणाला कळला नाही, तर त्यांना अन्न गोड लागत नसे. एकदा भंडाऱ्याहून येताना कारखान्याच्या बसमध्ये एका नव्या स्टोअरकीपरनं सहज विचारलं, "ऑफसाइड म्हणजे नेमकं काय हो?" आम्ही जुन्या लोकांनी कपाळावर हात मारला. पंचभाऊंनी ताबडतोब ड्रायव्हरला गोलकीपर केलं.

"भाऊ, मले गाडी चालवू द्या ना," ड्रायव्हर कळवळला.

"तू बसूनच राह्य. गोलकीपरले तसंबी कोठी जायाचं असते?"

मग दोन जाड्या माणसांना मधल्या वाटेत बचावपटू म्हणून उभं केलं. स्टोअरकीपर झाला फॉरवर्ड, आणि माझा डबा झाला चेंडू. तेवढ्यात समोर म्हैस आडवी आली आणि ब्रेक लागला. स्टोअरकीपर दोन्ही बचावपटूंना ओलांडून थेट ड्रायव्हरच्या पाठीवर आदळला. पंचभाऊ आनंदानं ओरडले, "पाह्य! आता तुह्यापुढं गोलकीपर एकटा. कमीत कमी दोघं पायजेत. असा पास घेतला का ऑफसाइड!"

डब्यातली वांग्याची भाजी पार मागच्या बाकापर्यंत गेली होती. पण त्या स्टोअरकीपरला नियम जन्मभरासाठी कळला.

एका हिवाळ्यात आमच्या विभागाचा संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर लाखांदूरकडच्या एका गावाचा संघ होता. तलावात मासे धरणाऱ्या घरांतली पोरं, निम्मी अनवाणी. त्यांच्यामागे सगळं गाव दोन ट्रक भरून आलं होतं. पंच दिघोरीचा, म्हणजे आपल्याच भागातला, म्हणून ते जरा खुशीत होते.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. आम्ही एका गोलनं पुढे होतो. त्यांच्या एका उंच, काटक पोरानं लांबचा पास छातीवर घेतला आणि चेंडू जाळ्यात मारला. शिट्टी वाजली. "ऑफसाइड!"

सामना आम्ही जिंकलो. पंचभाऊंना लोक काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

आता माझी गोष्ट सांगतो. गोलखांबाजवळ नळाच्या पाण्यानं चिखल झाला होता. त्या चिखलात आमचा एक बचावपटू घसरून पडला होता. म्हणजे त्या पोराच्या पुढे गोलकीपर धरून दोघं होते. मधल्या गर्दीमुळे पंचभाऊंना तो पडलेला गडी दिसला नाही. मला दिसला होता. पण आमचा विभाग जिंकत होता, आणि मी गप्प बसलो.

दोन दिवसांनी तोच बचावपटू कॅन्टीनमध्ये हसत हसत म्हणाला, "मी चिखलात पडून होतो, कोणाले दिसलो नाही, म्हणून आपण वाचलो बाप्पा." पंचभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुले दिसला होता?"

मी मान डोलावली.

"मंग काहून नाही बोललास गा?"

ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते इतकंच म्हणाले, "आयतवारी सकाळची एसटी हाये. तू संगं येजो."

त्या गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, माणसं जाळी वाळत घालत होती. आम्हाला ओळखल्यावर सगळे उठून उभे राहिले. पंचभाऊंनी टोपी काढली. "तो गोल होता. माही चूक झाली. तेवढंच सांगाले आलो."

"माझी पण," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

मग तो उंच पोरगा पुढे आला. "नाही भाऊ. मी पुढंच होतो. ऑफसाइडच होता तो."

"मुळीच नाही! खांबापाशी एक गडी पडला होता."

"पडलेला गडी कायचा मोजता?"

"काहून नाही मोजायचा? पडला म्हणून का मेला तो?"

सगळी पाळ हसली. आणि मग, वाचकहो, मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत अजब वाद सुरू झाला. गोल मारणारा म्हणतोय गोल नव्हता आणि नाकारणारा म्हणतोय होता! शेवटी पाळीवर दोन टोपल्या ठेवून सगळा प्रसंग पुन्हा खेळून पाहिला. पडलेला गडी म्हणून मला झोपवलं. पोराच्या आईनं कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं आणि निकाल दिला, "गोल हाये. आता जेवाले चला, मासोळीचा रस्सा थंडा होऊन राहिला."

स्पर्धेच्या कमिटीनं निकाल बदलला नाही. पण आमचा संघ स्वतः होऊन त्या गावी पुन्हा खेळायला गेला. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत सामना झाला आणि आम्ही तीन गोलनं हरलो. परतताना ट्रकमध्ये आम्ही जिंकल्यासारखे गात होतो. पंचभाऊ तर सर्वांत बेसूर.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते निवृत्त होऊन दिघोरीला गेले. दोन वर्षांनी ते वारल्याचं पत्र आलं. त्या रविवारी मी मैदानावर गेलो. गोलसमोर गोंधळ झाला, चेंडू आत गेला. नव्या पंचानं शिट्टी वाजवून हात वर केला, ऑफसाइड. चांगला, अभ्यासू माणूस. निर्णयही बरोबरच होता. कुणी तक्रार केली नाही, कुणी विचारलं नाही. अर्ध्या मिनिटात खेळ पुन्हा सुरू झाला.

मी मात्र कितीतरी वेळ वाट पाहत उभा होतो, की कुणीतरी भांडेल.