कुलूपबंद दारापुढचा मोर

सुपात ज्वारी पाखडल्याचा आवाज आला, की मला आमच्या शिरूरकडच्या वस्तीवरचा तो मोर आठवतो. शेजारची काकू रोज सकाळी ज्वारी पाखडायची आणि ओंजळभर दाणे अंगणात टाकायची. डोंगरातला मोर त्या आवाजावर थेट उंबऱ्यापर्यंत यायचा. वस्तीवरची कुत्री काकूच्या धाकानं गप पडून राहायची, त्यामुळं तो त्यांनाही बिचकेनासा झाला. मी म्हणायचे, "काकू, रानातलं पाखरू हाय, त्याला दाराची सवय लावू नगा." ती हसायची. "मुक्या जिवाला दोन दाणे टाकले, त्यात काय पाप हाय?" दिवाळी झाली आणि काकू घराला कुलूप लावून ऊसतोडीला गेली. मोर मात्र येतच राहिला. बंद दारापुढं मान वर करून उभा राहायचा. एका सकाळी कुत्र्यांनी त्याला तिथंच धरलं. मी काठी घेऊन पोचेपर्यंत अंगणभर पिसं झाली होती. आता अंगणात मोर दिसला, की मी ढेकूळ भिरकावते. लोक मला दगडाच्या काळजाची म्हणतात. म्हणू द्या. मी हाकललेला मोर संध्याकाळी डोंगरात ओरडतो, तेवढं मला पुरे.