तिसऱ्या वळणावरची कुमारिका

रविवारी रेस असली की थायलंडमधल्या बुरीरामच्या ट्रॅकवर पहिलं काम प्रनोमचं. गाड्या, टायर, राष्ट्रगीत, पाहुण्यांचं भाषण, सगळं त्यानंतर. उजाडताच ती नारिंगी गणवेश चढवून तिसऱ्या वळणाशी यायची, पिशवीतून गवती चहाच्या काड्या काढायची आणि शेंडे मातीत, मुळं आभाळाकडे अशा उलट्या खोचायची. मग हात जोडून ढगांना सांगायची, आज इथे नको, शेजारच्या सुरीनला जा. सुरीनच्या लोकांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. बहुधा तेही आपल्याकडे काड्या खोचून ढग इकडे पाठवत असावेत.

हे काम कुमारिकेनेच करायचं असतं. संसार केलेल्या बाईने काडी लावली तर ढग ऐकत नाहीत, उलट खवळतात. प्रनोम एक्कावन्न वर्षांची होती. गावात तिच्याहून तरुण कुमारिका पुष्कळ असतील, पण त्यांची हमी कोण घेणार? प्रनोमची हमी सगळा ट्रॅक घ्यायचा. हवामान सांगणारे दोन पगारी इंजिनिअर होते, तेही आधी विचारायचे, "मावशींनी लावली का?"

एरवी ती बाजाराच्या मागे शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, आणि मोसमात रेसच्या पोरांच्या अंगातल्या पोशाखावर कंपन्यांचे बिल्ले. सुवर्ण ज्युनिअर चषक म्हणजे पंधरा ते सतरा वयाच्या पोरापोरींच्या रेसा. थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम, जिथे बापाकडे पैसा आणि पोराकडे धीर आहे तिथून पोरं येतात. गाड्या सगळ्या सारख्या. छत नाही, चाकं उघडी, जागा एकाचीच. बापाला आत बसता येत नाही हे बापांना फार लागतं, म्हणून ते कुंपणाशी उभे राहून रिकाम्या हातांनी गाडी चालवत असतात.

काड्यांचं पद प्रनोमकडे आलं ते चषकाच्या पहिल्या वर्षी. ढग भरून आले होते आणि रेसचे मुख्य अधिकारी विरात साहेब गवती चहाची जुडी घेऊन स्वयंसेवकांपुढे उभे राहिले. "तुमच्यात कुमारिका कोण आहे?" तरुण पोरींनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, प्रनोम मावशी आहेत की! एकट्याच राहतात." सगळे पुरुष एकदम तिच्याकडे बघायला लागले. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं, आणि तेही या सगळ्यांपुढे. प्रनोमने मुकाट्याने जुडी घेतली.

खरी गोष्ट अशी की तरुणपणी ती समुद्रकाठच्या रायोंगला अडीच वर्षं नांदली होती. नवरा माकूळ पकडायच्या बोटीवर होता. एक दिवस गेला तो परत आलाच नाही. समुद्राने नेला असं समजून प्रनोमने त्याच्या नावाने भिक्खूंना जेवण घातलं, आणि मग कळलं की त्राटच्या एका खानावळवालीने नेला होता. जेवणाचा खर्च गेला तो गेलाच. प्रनोम शिलाई मशीन उचलून बुरीरामला आली आणि त्या अडीच वर्षांबद्दल तिने पुन्हा अवाक्षर काढलं नाही. तिने ते लपवलं असंही नाही. कोणी विचारलं नव्हतं.

तर त्या दिवशी तिने काड्या लावल्या, वारा फिरला आणि ढग सुरीनला गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जास्त आश्चर्य प्रनोमला वाटलं.

तिथून पुढे तिची सुटका नव्हती. कधी शनिवारी सराव चालू असताना पाऊस पडायचा, मग काडी तिरकी लागली असं ठरायचं, किंवा कोणीतरी काड्यांकडे तोंड करून लघवी केली असं निघायचं. रविवारची रेस मात्र दरवर्षी कोरडी गेली. दर मोसमाच्या सुरुवातीला विरात साहेब फोन करायचे.

"मावशी, यंदा?"

"यंदाही तशीच आहे, साहेब."

"बुद्धाची कृपा," म्हणून ते फोन ठेवायचे.

आता खामपूनचं सांगायला हवं. तिसऱ्या वळणाशी प्रनोम पिवळा झेंडा घेऊन उभी असायची आणि तिच्या मागे कठड्यापलीकडे खामपूनची क्रेन. कोणी वळणाबाहेरच्या खडीत रुतला की ती झेंडा हलवायची आणि तो जाऊन गाडी उचलून आणायचा. उरलेला वेळ दोघांनी नुसतं ऊन खायचं. असं वर्षानुवर्षं चाललं तर दोन माणसांचं काय होणार? तेच झालं. खामपून उंच, हाडकुळा गृहस्थ. आईच्या आजारपणात त्याचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. एकदा एक मोडकी गाडी उचलून परत येताना त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "प्रनोम, लग्न करू या का आपण?" तिने झेंडा खाली घेतला आणि हो म्हटलं.

"मग सीझन संपल्यावर बघू," तो म्हणाला. "मध्येच केलं तर रेसांचं काय होईल?"

सीझन संपला की पुढल्याची तारीख लागलेलीच असायची. विरात साहेब हात जोडून यायचे, एवढं एक वर्ष, मावशी. खामपून म्हणायचा, लोकांची पोरं आहेत, प्रनोम, ओल्या रस्त्यावर कुणाचं काही झालं तर आपल्या संसाराला लागेल. काड्यांपाशी जाताना तो चपला काढायचा. ट्रॅकवाल्यांनीही काळजी घेतली होती. दोघांच्या मध्ये अग्निशामक दलाचा एक जाडजूड माणूस कायम खुर्ची टाकून बसवलेला असे, आणि तो जेवायला गेला तर दुसरा येई.

एका वाक्यात हे सगळं मिटलं असतं. काडी पहिल्यापासून कुमारिकेने लावलेलीच नाही, एवढं प्रनोमने खामपूनला सांगितलं की झालं. ते वाक्य तिने कितीदा तरी ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं. या माणसाला आपण हव्या आहोत की कुमारिका हवी आहे, हे तिला कळत नव्हतं. मला विचाराल तर ते त्यालाही कळत नव्हतं. आणि वाक्य एकदा बोललं की परत घेता येत नाही. तो हातचा जाण्यापेक्षा कठड्यापलीकडे का होईना, आहे तो बरा, असं म्हणून ती गप्प राहायची.

यंदा मात्र विरात साहेबांनी पुढल्या वर्षासाठी दुसरी कुमारिका गाठून ठेवली होती, गणिताची एक कडक शिक्षिका. शेवटची रेस तेवढी कोरडी गेली की प्रनोम मोकळी. लग्नाचा दिवस ठरला होता, तिने स्वतःसाठी जांभळं रेशीम बेतून ठेवलं होतं. काही न सांगता, काही न बिघडता, आपलं सुख आपल्याला मिळतंय असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

शेवटच्या रेसला दोघांत चुरस होती. एक बँकॉकचा पोरगा, लाडाचं नाव चॅम्प. ते नाव बापाने बारशालाच ठेवलेलं, त्यामुळे त्याचा दोष नव्हता. दुसरी मलेशियातल्या कुचिंगची हलिझा. कोरड्यात चॅम्प वेगवान. ओल्यात हलिझाच्या जवळपास कोणी जात नसे, कारण कुचिंगला रोजच पाऊस आणि पोरगी त्यातच शिकलेली. चॅम्पचे वडील थानित साहेब शनिवारी काड्यांना फुलांचा हार घालून गेले आणि प्रनोमला म्हणाले, "मावशी, सगळं तुमच्या हातात आहे. इंजिनावर मी खर्च केलाच आहे."

शनिवारी संध्याकाळी प्रनोमची स्कूटर पंक्चर झाली. पंक्चरवाला बाहेरगावी. खामपूनने क्रेनचं दार उघडलं. "बस. दोन किलोमीटर तर आहे." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसली. तो इतका अंग चोरून बसला होता की गियर टाकताना त्याचा खांदा खिडकीबाहेर जात होता. आपल्या शिवणाच्या दुकानाशी उतरताना तिने "बरं" म्हटलं, तोही "बरं" म्हणाला. समोरच्या खानावळीत थानित साहेब भाजलेली कोंबडी खात बसले होते, त्यांनी हे पाहिलं.

रविवारी तिने काड्या लावल्या. आभाळ निरभ्र होतं. गाड्या कोरड्या रस्त्यावरच्या गुळगुळीत टायरांवर सुटल्या, चॅम्प पुढे, हलिझा मागे. निम्मी रेस झाली आणि सुरीनच्या बाजूने एक ढग आला. मग त्याच्या मागून त्याचं सगळं खानदान आलं. काय कोसळला म्हणून सांगू! तिसऱ्या वळणावर चॅम्पची गाडी आली तेव्हा तिचं तोंड वळणाकडे नव्हतं, प्रनोमकडे होतं. गाडी गोल फिरली, खडीत गेली आणि थांबली. प्रनोमने पिवळा झेंडा हलवला. खामपूनने जाऊन गाडी उचलली. तेवढ्यात हलिझा बाजारात निघाल्यासारखी शेजारून शांतपणे निघून गेली, आणि चषकही तिच्याबरोबर गेला.

रेस संपल्यावर सगळे स्वयंसेवक पत्र्याच्या शेडखाली निथळत उभे होते. तिथे थानित साहेब आले. मागे चॅम्प, हातात हेल्मेट.

"काल संध्याकाळी क्रेनमध्ये कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

पत्र्यावर पावसाचा ताशा चालला होता, तरी हे सगळ्यांना ऐकू गेलं. माणसांनी प्रनोमकडे पाहिलं, मग खामपूनकडे, मग पुन्हा प्रनोमकडे. विरात साहेबांनी डोक्याला हात लावला. "एक दिवस, मावशी! एकच दिवस राहिला होता हो!"

"स्कूटर पंक्चर होती," प्रनोम म्हणाली.

"सगळ्यांच्याच असतात," अग्निशामक दलाचा माणूस म्हणाला. त्याचं त्या दिवसापुरतं अवतारकार्य संपलं होतं, त्यामुळे तो मोकळेपणी बोलत होता.

"पप्पा, मी ब्रेक उशिरा लावला," चॅम्प म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

खामपून पुढे आला. टोपी काढून, हात जोडून, भर शेडमध्ये गुडघे टेकून बसला. "हिच्या बोटालाही मी कधी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "चूक माझी. मी हिला गाडीत बसवायला नको होतं. तुमच्या पोराचं वर्ष माझ्यामुळे गेलं. मी उद्या डोकं भादरतो आणि विहारात जातो. कायमचा. हिला कोणी नाव ठेवायचं नाही."

तो मनापासून बोलत होता, आणि हीच पंचाईत होती. हा माणूस एकदा बोलला की करतो, हे प्रनोम ओळखून होती. आत्ता ती गप्प बसली तर तिची अब्रू स्वच्छ राहणार होती आणि खामपून भगव्या वस्त्रात जाणार होता. असल्या स्वच्छ अब्रूचा तिला एकदम मनस्वी राग आला.

"उठा आधी," ती म्हणाली. "कुठे जायला नको. मी रायोंगला अडीच वर्षं नांदलेली आहे."

विरात साहेबांनी डोक्यावरचा हात खाली घेतला.

"म्हणजे... कधी?" विरात साहेबांनी विचारलं.

"हा चषक निघाला त्याच्या कितीतरी आधी."

"मग पहिल्या वर्षी काडी लावली तेव्हा..."

"तेव्हाही. आणि नंतर दरवर्षी."

"मग पाऊस कसा थांबायचा?"

"मला काय माहीत? मला तर दरवर्षी वाटायचं आज पडणार."

भांडायला आता नेमकं काय धरावं हे थानित साहेबांना सुचत नव्हतं. ते पोराचा दंड धरून निघून गेले.

खामपून उठला. प्रनोमकडे न बघता शेडबाहेर पावसात गेला आणि क्रेनच्या पायरीवर जाऊन बसला. तिला वाटलं, संपलं. तिने झेंडे पिळायला घेतले. पिवळा पिळला, लाल पिळला, आणि ते बादलीत टाकून ती त्याच्यापाशी गेली. भिजायचं काही राहिलंच नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"तू मला थांबवून ठेवलंस ते माझ्यासाठी की त्या काड्यांसाठी, ते तू कुठे सांगितलंस?"

पाऊस त्याच्या नाकावरून खाली ओघळत होता.

"खुळा होतो मी," तो म्हणाला. "ढगांना भिऊन बसलो. पण तू सांगितलं असतंस, प्रनोम, तर माझे गुडघे धड होते तेव्हा झालं असतं गं लग्न. तुला डोंगरावरच्या देवळात न्यायचं होतं मला. चालत. आता पायरी चढताना मला धरावं लागतं."

प्रनोम रडायला लागली. रायोंगहून आल्यापासून ती रडली नव्हती, त्यामुळे ते तिला नीट जमेना. ती त्याच्या शेजारी त्या अरुंद लोखंडी पायरीवर बसली. त्याच्या गुडघ्यांवरून हात फिरवावा असं तिला वाटलं. शेडमधले झाडून सगळे बघत होते, अग्निशामकवाला तर खुर्चीवर चढून बघत होता. तिने हात फिरवला.