नवश्वास मंडळाचे बडेबाबू

अच्युतरावांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा कॅन्सरपेक्षा जास्त छळलं ते भेटायला येणाऱ्यांनी. बोरगाव मेघेतल्या त्यांच्या घरी माणसं बिस्किटांचे पुडे घेऊन येत, खुर्ची पुढे ओढत आणि आवाज खाली आणून सांगत, "आमच्या साडूलाही हेच होतं." साडूचं पुढे काय झालं हे विचारायची सोय नसे. साडू गेलेलाच असे. कुणाचा साडू, कुणाची नणंद, कुणाचे शाळेतले मास्तर. एका शेजाऱ्याने उठता उठता धीर दिला, "पण तुमचं तसं नाही होणार, तुम्ही सुशिक्षित आहात." कॅन्सर आधी पदवी तपासतो, असा त्याचा समज असावा. पुढचा प्रश्न ठरलेला, सिगारेट किती ओढत होतात? अच्युतरावांनी सिगारेट पस्तिशीतच सोडली होती. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा उतरायचा, कारण आता स्वतःबद्दल निश्चिंत होऊन घरी जायची त्याची वाट बंद व्हायची.

डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला, केमो झाली, केस गेले, परत आले, आणि स्कॅन स्वच्छ निघाला. त्या दिवशी अच्युतरावांनी ठरवलं की आपल्या जिल्ह्यात या रोगाच्या माणसाला असला दिलासा पुन्हा कुणी देता कामा नये. विचार चांगलाच होता. पण अच्युतराव एका सरकारी कचेरीतून बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झालेले, आणि बडेबाबूच्या हाती चांगला विचार पडला की त्याची कचेरी व्हायला वेळ लागत नाही. 'नवश्वास मंडळ' निघालं. अध्यक्ष अच्युतराव, सचिव अच्युतराव, सूत्रसंचालनही त्यांचंच. कॉलनीतल्या देवळामागच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी बैठक. पहिल्याच बैठकीत रीतीप्रमाणे दीपप्रज्वलन झालं, समया लागल्या, अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पेटला, आणि अध्यक्षांसकट सगळं मंडळ खोकत खोकत अंगणात आलं. उद्घाटनाचं भाषण अंगणातच झालं. ते मात्र त्यांनी एका ओळीनेही कमी केलं नाही.

मंडळात रडायला बंदी होती. "नकारात्मक बोलायचं नाही" हा पहिला नियम, आणि बाकीचे नियम त्याच अर्थाचे. ज्याला भीती वाटते त्याने उभं राहून आपला एक चांगला अनुभव सांगायचा, मग टाळ्या. पवनारचे रूपराव उभे राहत आणि दर वेळी वांग्यांचं पीक बरं आलं एवढंच सांगत, कारण त्यांच्याकडे दुसरा चांगला अनुभव नव्हता.

नाचणगावच्या आनंदाबाईंचं या नियमांशी कधी जमलं नाही. बाईंनी उभ्या जन्मात विडी हातात धरली नव्हती, आणि गावातली प्रत्येक बाई त्यांना विडीचंच विचारी. "व्हय, ओढत होती ना," त्या सांगत. "गोठ्यात बसून. म्हशी राखन देत होत्या." अशा फटकळ बाईला एका बैठकीत एकाएकी हुंदका फुटला. अच्युतरावांनी लगेच टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "आनंदाबाई, आपण इथे लढायला जमलोय." बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि खाली बसल्या. पुढच्या बैठकीत परत तेच. परत टेबल.

मग नत्थूजी वारले. सेवाभावी, अबोल माणूस, बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालणारा. त्यांच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात अच्युतराव त्यांच्या खाटेजवळ बसून होते. पण ही बातमी मंडळाला सांगायची कशी? मनोबल खचणार. अच्युतरावांनी रात्रभर विचार केला आणि बैठकीत जाहीर केलं की नत्थूजी मुलाकडे पुण्याला गेले आहेत, तिकडची हवा त्यांना मानवते आहे. कुणी काही विचारलं नाही. अच्युतरावांना वाटलं, खपलं. पुढे तानाबाई गेल्या तेव्हा त्यांनी तानाबाईंना माहेरी पाठवलं. बाईंचं वय बहात्तर, माहेरात एक पडकी विहीर सोडून कुणी उरलेलं नव्हतं. तेही खपलं. एकदा खोटं चाललं की माणसाला आपल्या हुशारीचा विश्वास बसतो, तसा तो बडेबाबूंनाही बसला.

आणि मग अच्युतरावांच्याच तपासणीत उजव्या बाजूला सावली दिसली.

डॉक्टरांनी नागपूरला जाऊन मोठा स्कॅन करायला सांगितला. अच्युतरावांनी ते कुणालाच सांगितलं नाही. मंडळाला तर नाहीच, कारण मंडळाचं सगळं भांडवल म्हणजे ते स्वतः. बरा झालेला माणूस दाखवायला एकच होता, तोही परत आजारी पडला तर लोकांनी बघायचं कुणाकडे? बायकोला, सुमतीबाईंना, त्यांनी सांगितलं की नातवाची आठवण येते, लेकीकडे, चारुताकडे, दोन दिवस जाऊन येतो. नागपूरला लेकीला सांगितलं की आईला एवढ्यात कळू देऊ नकोस. इतरांना धीर देताना ज्याचा घसा कधी बसला नाही, तो माणूस स्कॅनच्या खोलीबाहेर बसून हातातली पाण्याची बाटली उगाच उघडत आणि बंद करत होता. टेबलावर हात आपटायला तिथे कुणी नव्हतं.

स्कॅनचा दिवस नेमका बैठकीचा रविवार होता. अध्यक्षच आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. रूपरावांनी फोन लावला तर बंद, कारण स्कॅनसाठी बंद केलेला फोन अच्युतराव चालू करायला विसरले होते. मग रूपरावांनी घरी लावला. सुमतीबाईंना सर्दी झाली होती. बसलेल्या घशाने त्या म्हणाल्या, "ते नागपूरला गेलेत, लेकीकडे."

रूपरावांनी फोन ठेवला, टोपी काढली, आणि मंडळाला सांगितलं, "बडेबाबू गेले." कुणी शंका घेतली नाही. या मंडळात माणसं लेकराकडे का जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी अच्युतराव बसस्टँडवरून घरी आले तेव्हा दारात चपलांची रांग होती आणि पुढच्या खोलीत मंडळ माना खाली घालून बसलं होतं. सुमतीबाई आत चहा करत होत्या. मंडळी अशी अचानक का आली हे त्यांना कळलं नव्हतं, आणि बाई अशा प्रसंगी चहा कसा करताहेत हे मंडळाला कळत नव्हतं. "येतीलच आता ते, बसा," असं त्या म्हणाल्या होत्या, त्यावर बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असं सगळ्यांनी मनोमन ठरवलं होतं. अच्युतराव पायरीवर बूट काढायला वाकले आणि त्यांच्या कानावर रूपरावांचा आवाज आला.

"बोले लय. पन मानूस भला होता."

"भलाच होता," आनंदाबाई म्हणाल्या. "मले दोनदा रडू नाई देल्लं त्याईनं. आता रडतो मी पोटभर, कोन अडवते पाहतो."

आणि त्या खरंच रडल्या. कुणीतरी म्हणालं की नत्थूजींचं मात्र बडेबाबूंनी खोटं सांगितलं होतं.

"मी सोता नत्थूजीच्या मातीले गेलतो," रूपराव म्हणाले. "अन् हे पुण्याची हवा सांगून राह्यले होते."

"मंग बोलले काऊन नाई तुमी?" एकाने विचारलं.

"काय बोलाचं? त्या मानसाचं सारं अवसान त्यावरच होतं. बोललो असतो तं खचले असते. म्हनलं, राहू द्या. त्याईले धीर असू द्या."

अच्युतराव एक बूट काढून तसेच पायरीवर बसले. इतके महिने ते ज्यांना सांभाळत होते, ती माणसं टाळ्या वाजवून त्यांना सांभाळत होती. वांग्यांचं पीक त्यांच्यासाठी बरं येत होतं. त्यांना राग आला, मग लाज वाटली, आणि मग एकदम इतकं एकटं वाटलं की ते एका पायातल्या बुटासकट आत गेले.

खोलीत कुणी हललं नाही. आनंदाबाईंनी डोळ्यांवरचा पदर बाजूला करून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी तं जित्ते आहा," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद कमी आणि तक्रार जास्त होती. नाचणगावहून येऊन रडून झालं होतं.

सुमतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "आलात? चारुता कशी आहे?"

अच्युतरावांनी सवयीने घसा साफ केला. "मित्रहो," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले त्याला स्वतःबद्दल एक ओळ मांडता येईना. शेवटी त्यांनी सुमतीबाईंकडे बघितलं. "मी नातवासाठी गेलो नव्हतो. स्कॅनला गेलो होतो. दुसऱ्या बाजूला आलंय."

सुमतीबाईंनी ट्रे खाली ठेवला. एक कप कलंडला, तो कुणी उचलला नाही. "आणि मला नातू सांगितलात," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण अच्युतरावांना त्यांच्याकडे बघवेना.

अशा वेळी काहीतरी उमेदीचं बोलायची मंडळाची शिस्त होती. रूपरावांनी तोंड उघडलं, पण वांगी काही त्यांच्या ओठांवर येईनात. मग आनंदाबाईच म्हणाल्या, "बाबू, आता खरं सांगा. नत्थूजीले शेवटी लय तरास झाला काय? तुमी होते ना तेथी."

हा प्रश्न त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या छातीत होता, आणि मंडळाने तो कधी कुणाला विचारू दिला नव्हता. अच्युतराव खाली सतरंजीवर बसले. "सकाळी झाला," ते म्हणाले. "श्वास पुरत नव्हता. घाबरले होते, माझा हात सोडत नव्हते. मग डॉक्टरांनी औषध दिलं, तशी धाप उतरली. दुपारी ताक मागितलं, चमचाभर प्यायले. संध्याकाळी झोपेतच गेले. एकटे नव्हते."

आनंदाबाईंनी मान हलवली. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला सगळ्यांना दिसला.

"हे आधी सांगतलं असतं," त्या म्हणाल्या, "तं इतक्या राती जागलो नसतो आमी."

सुमतीबाई येऊन अच्युतरावांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या दुसऱ्या पायातला बूट काढायला लागल्या. तेव्हा त्यांचा धीर सुटला. "मला फार भीती वाटते," ते म्हणाले, आणि भर मंडळात, नियम धाब्यावर बसवून, मोठ्याने रडायला लागले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आनंदाबाई सरकून जवळ आल्या. "मले तं रोजच वाटते," त्या म्हणाल्या. "रडा तुमी. आमाले काई घाई नाई."