खोकल्यात नापास

आमच्या गावात जो माणूस फौजेत गेला नाही, त्याला त्याचं कारण सांगावं लागतं. कराडच्या खाली कृष्णाकाठचं गाव; ऊस आणि फौज, दोनच पिकं. दारावर वर्दीतला फोटो नाही असं घर शोधावं लागेल. कुणाची उंची कमी भरली, कुणाचे तळवे सपाट निघाले, कुणाला आईनं पाठवलंच नाही. माझे वडील, आमचे आण्णा, खोकल्यात नापास झाले होते.

ही हकीकत मी इतक्या वेळा ऐकली आहे की स्वतः रांगेत उभी होते असं वाटतं. ऐन तारुण्यात आण्णा साताऱ्याला भरतीला गेले. पळण्यात पहिल्या घोळक्यात आले, उंची भरली, छाती फुगवून दाखवली. मग पोरांना कपडे काढून उभं केलं. डॉक्टर जवळ आला आणि हिंदीत म्हणाला, खाँसो. आण्णा खोकले. पुन्हा खोकायला लावलं, ते पुन्हा खोकले. डॉक्टरनं मान हलवली, शेजारच्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि त्यातला ‘अनफिट’ एवढाच शब्द आण्णांना कळला. आदली रात्र मैदानावर उघड्यावर काढल्यामुळं घसा धरलेला होताच. खोकायला लावलं, खोकलो, बाद झालो. यात समजून घ्यायचं आणखी काय राहिलं, असं त्यांना वाटलं आणि ते एसटीत बसून घरी आले.

तेव्हापासून आण्णांची छाती नाजूक ठरली. आधी आजीनं आणि मग आईनं तिची काळजी घेतली. सांगलीच्या पेठेतून आणलेली हळद, सुंठ, अडुळसा, ज्येष्ठमध आणि वर गुळाचा खडा, असा काढा थंडीत रोज सकाळी उकळायचा. त्याच्या वासानं मला शाळेसाठी जाग यायची. रात्री दही नाही, सीताफळ नाही, लग्नातलं आइस्क्रीम तर नाहीच. पारावरचे दोस्त, त्यातले निम्मे सुट्टीवर आलेले फौजी, त्यांना ‘खोकला पलटण’ म्हणायचे. आण्णा हसायचे आणि मफलर सारखा करायचे. त्यांना कधी धड खोकला झालेला मी मात्र पाहिला नाही. आई म्हणायची, तो काढ्याचाच गुण.

त्यांना दुसरी एक तक्रार होती, पण ती कुणी मोजत नसे. उजव्या जांघेत मधूनमधून अवधाण यायचं. पायाला जखम झाली की जांघेत जी गाठ धरते, तिला आमच्याकडं अवधाण म्हणतात. उसाच्या रानात तोडलेलं खोडकं पायात घुसणं हे रोजचंच, त्यामुळं अवधाण आलं तर कोण दचकणार? पायातलं कुसळ काढायचं, जखमेवर हळद भरायची, संपलं.

मग मला वैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली आणि मी सांगलीच्या बाजूला राहायला गेले. पहिल्या वर्षी शरीररचना शिकताना आमच्या टेबलावर एक आजोबा होते. त्यांचं नाव आम्हाला कधी सांगितलं नाही, तसं सांगतही नाहीत. त्यांनी देहदान केलं होतं आणि त्यांच्या घरच्यांनी तो शब्द पाळला होता, एवढंच माहीत. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणायचे आणि हात लावण्याआधी नमस्कार करायचे. मैत्रिणी हसायच्या. हसोत बापड्या, मला ते केल्याशिवाय जमायचं नाही.

पोटाची पुढची भिंत मला आधी अजिबात कळली नाही. कातडी, चरबी, आणि खाली एकावर एक तीन पातळ स्नायू. एकाचे धागे खिशात हात घातल्यासारखे खाली पुढं उतरतात, दुसऱ्याचे त्यांच्या उलट, तिसऱ्याचे आडवे. आणि जांघेच्या जरा वर, या थरांमधून तिरका जाणारा छोटा बोगदा, इंग्वायनल कॅनॉल. बाळ पोटात असताना मुलाचं वृषण आतून याच वाटेनं खाली उतरतं आणि मागं ही वाट राहते. बायकांतही ती असते, पण बारीक. पुस्तकात त्याची पुढची भिंत, मागची भिंत, छत आणि जमीन अशी यादी होती. मी ती पाढ्यासारखी घोकली. एक दिवस आमच्या मॅडमनी आजोबांच्या त्या बोगद्यात बोथट चिमटा हलकेच सरकवला आणि तो दुसऱ्या तोंडातून अलगद बाहेर आला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मॅडम सांगत होत्या की दोन तोंडं समोरासमोर नाहीत, यातच सगळी करामत आहे. आपण खोकतो, जोर करतो, तेव्हा पोटातला दाब बोगद्याच्या भिंती एकमेकींवर दाबतो आणि वाट बंद होते. जिथं ती नीट बंद होत नाही तिथून आतडं बाहेर डोकावतं, त्याला हर्निया म्हणायचं. मग त्यांनी विचारलं, फौजेच्या तपासणीत पोरांना खोकायला का लावतात?

माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. माझ्या घरचाच प्रश्न होता. मी ठणठणीत आवाजात म्हणाले, छाती तपासायला. सगळी टेबलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं हे कुणी सांगितलं, आणि मी आण्णांची हकीकत थोडक्यात सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“वडिलांना एक विचार,” त्या म्हणाल्या. “खोकायला सांगताना डॉक्टरनं हात कुठं ठेवला होता?”

त्या दिवशी मला आण्णांच्या जांघेतली ती गाठच आठवत राहिली. संध्याकाळी आईला फोन केला. आण्णांच्या अवधाणाचं विचारलं, तर ती म्हणाली, आता सारखंच येतंय, आणि गंमत म्हणजे पायाला काही लागलेलं नसतं. मोळी उचलली की येतं, आडवं झालं की जातं. खरं अवधाण माणूस आडवा झाला म्हणून आत जात नाही. आत जातं ते आतडं. आणि एखाद्या दिवशी ते बाहेर येऊन अडकलं, त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर माणूस काही तासांत हातचा जातो. ऊसतोड तोंडावर आली होती आणि आण्णा ऐकून मोळ्या उचलायचे थांबणारे नव्हते. मी आईला म्हणाले, हे अवधाण नाही, ऑपरेशन लागेल. तिनं फोन तसाच धरून आण्णांना सांगितलं. पलीकडून त्यांचा आवाज आला की माझ्या छातीला भूल सोसायची न्हाई. मग फोन कट झाला.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. दुखणं जांघेत आणि एवढी वर्षं औषध छातीला. आणि आता त्याच नसलेल्या दुखण्याच्या भीतीनं असलेल्या दुखण्याचा इलाज अडला होता. मला राग आला. कुणाचा ते मात्र ठरवता येईना.

रविवारी घरी गेले. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. आमच्याकडं मुलगी बापापुढं पोटाच्या खालचं काही बोलत नाही. डॉक्टरीण झाली तरी नाही, आणि मी तर अजून पहिल्या वर्षाचीच होते. पुढच्या सोप्यात आई शिलाई मशीनपाशी बसली होती. माधवनगरच्या मामानं दिलेल्या कापडाचे परकर शिवून झाले होते आणि ती पिनेला नाडा अडकवून नेफ्यात ओवत होती. आण्णा खांबाला टेकून पान जुळवत होते. मी बघत राहिले. पीन एका तोंडातून आत गेली, कापडाच्या दोन थरांतून सरकली आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. मॅडमचा चिमटा अगदी असाच आला होता.

मी आईच्या हातातून परकर घेतला आणि आण्णांच्या पुढ्यात बसले. म्हटलं, पोटाच्या कातड्यात देवानं असाच एक नेफा शिवलाय. दोन्ही बाजूंना एकेक. त्यातून पुरुषाचा एक नाडा खाली जातो. कुणाकुणाचं नेफ्याचं तोंड जन्मापासून सैल राहतं. मग ओझं उचललं, जोर केला, खोकलं, की नाड्यासोबत आतलं काहीबाही बाहेर सरकतं. मी बोट घालून दाखवलं. आण्णा परकराकडं बघत होते, माझ्याकडं नाही. आई मशीनचं चाक उगीच पुढं मागं करत होती.

मग मी विचारलं, “आण्णा, भरतीत तुमाला खोकाय लावलं, तवा डाक्टरचा हात कुटं हुता?”

घरी बोलायची माझी भाषा परत आली होती, त्यामुळं विचारता आलं. पुस्तकी मराठीत मला ते कधीच जमलं नसतं. आण्णांनी पान खाली ठेवलं. त्यांची मान हळूहळू वर आली. चेहऱ्यावर लाज नव्हती. माणूस एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवताना दिसतो, तसे ते दिसत होते.

“छातीला तर त्यो शिवलाबी न्हाई,” ते म्हणाले. “हात खाली हुता. जांगंत.”

आईनं चाक थांबवलं आणि विचारलं, “आवं, मग इतकी वर्सं मी काढा कशापायी उकळतीया?”

आण्णा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मफलरनं तोंड पुसून ते गोठ्याकडं निघून गेले. आम्ही दोघी बसून राहिलो. मला कळत होतं की एका पोराला साताऱ्याच्या मैदानावर कुणीतरी दोन शब्द मराठीत सांगितले असते, तर त्याला तेव्हाच बरं होऊन पुन्हा रांगेत उभं राहता आलं असतं. याचं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

रात्री जेवताना आण्णांनी दही मागितलं. आईचा हात भांड्यावर क्षणभर थबकला आणि मग तिनं त्यांना वाटीभर वाढलं. ते त्यांनी चाटूनपुसून खाल्लं. हात धुताना म्हणाले, तारीख बघ.

ऑपरेशनआधी सांगलीत छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, छाती एकदम साफ आहे, तरण्या माणसासारखी. आण्णांनी तो एक्स-रे खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहिला. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण ठेववतही नव्हता. गावी नेल्यावर तो त्यांनी पारावर फिरवला. ‘खोकला पलटण’ त्या दिवशी बरखास्त झाली.

आमच्या कॉलेजातल्या सर्जननीच ऑपरेशन केलं, आणि मला आण्णांच्या डोक्याशी उभं राहायची परवानगी दिली. पूर्ण भूल द्यायची नव्हती, तेवढाच भाग बधिर केला होता. मध्ये हिरवा पडदा. पलीकडं काय चाललंय ते मला थोडं दिसत होतं. आजोबांच्या देहात पाहिलेले थर एकामागून एक उघडत होते. तेच धागे, तीच उतरती चाल, फक्त हे गरम होतं, लालसर होतं आणि माझं होतं. मी मनातल्या मनात त्या टेबलावरच्या आजोबांना नमस्कार केला. त्यांनी स्वतःचं पोट माझ्यापुढं उघडं ठेवलं नसतं, तर माझ्या बापाच्या पोटात काय आहे ते मला कधी कळलं नसतं. त्यांच्या घरी जाऊन हे सांगावं असं फार वाटतं. घर माहीत नाही, म्हणून इथं सांगते.

मॅडमचेही उपकार आहेत. त्या हसल्या असत्या तर मी गप्प बसले असते. आणि आईच्या काढ्याचेही आहेतच. आजार चुकला असेल, पण ज्या हातांनी तो इतकी वर्षं उकळला, त्या हातांचं काही चुकलं नव्हतं. आण्णा फौजेत गेले असते तर दहावीपर्यंत मला शाळेत सोडायला गाडीवर कोण आलं असतं, हाही विचार मी करते. थंडीत मी मागं बसून त्यांच्या मफलरचं टोक माझ्या कानांवर ओढून घ्यायचे. त्या अनफिट शब्दानं त्यांचं जे गेलं ते गेलंच, पण त्यामुळं मला मात्र रोज घरी असणारा बाप मिळाला.

सर्जननी आतडं आत सारलं, हर्नियाची पिशवी बांधली, मागच्या भिंतीवर जाळी बसवून टाके घातले. मग काम पक्कं झालं का ते बघायला पडद्यापलीकडून म्हणाले, “काका, जरा जोरात खोका बरं.”

असं विचारतील हे मी आण्णांना सांगून ठेवलं नव्हतं. खरं तर मलाच ते माहीत नव्हतं. आण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी झोपल्या जागी हनुवटी ताठ केली, दोन्ही हात अंगाशी सरळ घेतले आणि खोकले. चांगले खणखणीत खोकले. सर्जन वाकून बघत होते. आणखी एकदा, ते म्हणाले. आण्णा आणखी एकदा खोकले.

जाळी हलली नाही. कुठंच काही बाहेर आलं नाही.

“साहेब,” आण्णांनी विचारलं, “पास का?”

सर्जनना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते दोरा कापता कापता म्हणाले, “पास, काका. एकदम पास.”

आण्णांनी डोळे मिटले. मग माझा हात चाचपून धरला आणि हळूच म्हणाले, “आईला फोन लाव.”